दैवगतीच्या नावावर

२ मार्च २०२५ रोजी नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर विदर्भाने रणजी करंडक तिसऱ्यांदा जिंकला. केरळवर पहिल्या डावात ३७ धावांची आघाडी होती, तेवढी पुरली. जवळच्या बेसा परिसरात चहाच्या टपरीवर अजूनही वाद घालता येईल: सामनावीर खरा कोण? दानिश मालेवारने १५३ आणि ७३ केल्या, करुण नायरने ८६ आणि १३५. म्हणजे २२६ विरुद्ध २२१. पहिल्या डावात ३ बाद २४ अशी दाणादाण उडाल्यावर दोघांनी मिळूनच डाव सावरला. पुरस्कार दानिशला मिळाला आणि तो योग्यच. नायरला मिळाला असता, तरी अन्याय म्हणता आला नसता.

असे वाद गोड असतात, कारण दोघेही मैदानात असतात.

दुसऱ्याच दिवशी मुंबईत डावखुरे फिरकीपटू पद्माकर शिवलकर गेले. १२४ प्रथम श्रेणी सामन्यांत ५८९ बळी, कसोटी सामने शून्य. १९७२-७३च्या रणजी अंतिम सामन्यात, चेन्नईत, तमिळनाडूविरुद्ध त्यांनी १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ बळी घेतले होते. पण भारतीय संघातली डावखुऱ्या फिरकीची जागा बिशनसिंग बेदींची होती. हरियाणाच्या राजिंदर गोयल यांचंही तेच झालं. दोघांना २०१७ मध्ये कर्नल सी. के. नायडू जीवनगौरव मिळाला.

बेदी पात्र नव्हते, असं कुणीही शहाणा म्हणणार नाही. मग चूक कुणाची? इथे आपल्याकडे प्रारब्ध मदतीला धावून येतं. शिवलकरांनी स्वतः गायलेल्या गाण्याचं नावच ‘हा चेंडू दैवगतीचा’. ज्याने सोसलं त्याने दैवाला पुढे करावं. त्यात मनाचा मोठेपणा आहे. निवड करणाऱ्यांनी तेच म्हणणं ही मात्र पळवाट. कर्मविचार माणसाला फळाची आस सोडायला सांगतो. दुसऱ्याच्या कष्टाचं फळ रोखून धरायची मुभा कुणालाच देत नाही.

मान हा घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्यावर जास्त अवलंबून असतो, असं अ‍ॅरिस्टॉटलचं निरीक्षण आहे. ते मानलं, तर शिवलकरांच्या नावापुढचं शून्य त्यांच्या खात्यात धरता येत नाही. एकाच वेळी दोन डावखुरे फिरकीपटू खेळवायचं धाडस ज्यांना झालं नाही, त्या निवड समित्यांच्या खात्यात ते जातं.