भय गेल्यावर निघू म्हणणारांस

ज्येष्ठ महिना लागला की गावोगावच्या पारावर एक बोलणे ठरलेले असते. "काय हो, यंदा वारीला येता ना?" असे कुणी विचारतो, आणि समोरचा म्हणतो, "यायचं तर फार मनात होतं बुवा, पण..." या 'पण'च्या पुढे जे येते ते दरसाल निराळे असते. म्हैस विणार आहे, गुडघ्याने धरले आहे, पाऊस लांबला तर पेरणी कोण करील, सून घरात एकटी आहे. शेवटी "पुढच्या वर्षी बघू" म्हणून विषय मिटतो. यातले एकही कारण खोटे असते असे आम्ही म्हणत नाही. म्हैस खरोखरच विणार असते. परंतु दहा वर्षे ज्याच्या तोंडून हीच उत्तरे ऐकली, त्याच्या गोठ्यात दरसाल बरोबर ज्येष्ठ वद्य अष्टमीच्याच सुमारास म्हैस विते, हे काही मनाला पटत नाही.

वस्तुतः भयाला आपल्या नावाची लाज वाटते. "मला भीती वाटते" असे सरळ सांगणारा माणूस विरळा. म्हणून भय दुसऱ्यांची नावे घेऊन वावरते. कधी ते प्रपंच म्हणवून घेते, कधी प्रकृती, कधी जबाबदारी. आणि त्याचे सगळ्यांत प्रतिष्ठित नाव म्हणजे व्यवहार. ओसरीवरची रोजची जागा, वेळेवरचा चहा, ओळखीचे अंथरूण, ही सोडताना जी धास्ती वाटते ती वाघाच्या भयासारखी दिसत नाही, म्हणून ते भय आहे हेच ध्यानात येत नाही. वाघाला पाहून माणूस पळतो तरी. अंथरुणाच्या भयाने तो नुसता पडून राहतो.

आता पुष्कळांची अशी समजूत असते की, जे निघतात त्यांचे भय आधी गेलेले असते, आणि आपले अजून गेलेले नाही म्हणून आपण थांबलो आहोत. एकदा मनाचा निर्धार झाला, भय फिटले, की मग निघू! आम्हांस वाटते, सारा घोटाळा येथेच आहे. कोणाही जुन्या वारकऱ्याला त्याच्या पहिल्या वारीबद्दल एकांतात विचारून पाहावे. आळंदीहून निघताना पोटात गोळा होता, पुण्याच्या मुक्कामी परत फिरावे असे वाटले, दिवेघाट खालून पाहिला तेव्हा छाती दडपली, असेच तो सांगेल. मग भय गेले केव्हा? याचे उत्तर त्याला देता येत नाही. सासवड आले, जेजुरी आली, नीरा ओलांडली, आणि कुठेतरी ते मागे राहिले असावे. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. पण ते अडीचशे कोणी एकदम चालत नाही. आजच्या मुक्कामापासून उद्याच्या मुक्कामापर्यंत चालायचे असते. शिवाय पुढे वीणेकरी, मध्ये पखवाज, दोन्ही बाजूंस टाळकरी, मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या मायबहिणी. घरी एकट्याच्या उशाशी बसून भय रात्रभर बोलत असते. दिंडीत त्याला बोलायला फुरसतच सापडत नाही.

म्हणून सर्वच भयाला शिव्या द्याव्यात असे मात्र नव्हे. चंद्रभागेला पूर आलेला असताना जो पात्रात उतरत नाही त्याला भित्रा म्हणणे हा मूर्खपणा होय. हृदयविकाराच्या म्हाताऱ्याने वैद्याचे न ऐकता घाट चढावा, हे धैर्य कोणी सांगितले? भयाला एकच प्रश्न विचारावा, "बाबा रे, मी काय करावे असे तुझे म्हणणे आहे?" जे भय म्हणते, पायाला तेल लाव, इरले घे, औषध बरोबर ठेव, ओझे ट्रकमध्ये टाक, दुपारी सावलीला टेक, ते भय आपले हितचिंतक आहे; त्याचे ऐकावे. आणि जे भय काहीच सुचवीत नाही, नुसते "राहू दे" एवढेच म्हणते, त्याचा संशय धरावा.

येथवर वारकरी वाचक माना डोलावतील, कारण ते तर चालतातच! त्यांच्यासाठीच पुढचे लिहावयाचे आहे, आणि ते थोडे कडू आहे. दरसाल केलेली गोष्ट कितीही कष्टाची असो, तिचे हळूहळू अंथरूण होते. वीस वाऱ्या झालेल्या माणसाला दिवेघाटाचे भय राहत नाही; घाट त्याच्या ओळखीचा झाला. पण तोच माणूस मुलीचे लग्न ठरवायला बसला की कसा होतो, हे आपण पाहतोच. हुंडाबंदीचा कायदा १९६१ साली झाला. माळ गळ्यात, कपाळी बुक्का, आणि तरी रक्कम कागदावर न लिहिता तोंडी ठरते. जमीन गहाण पडते, हजार पाने उठतात, आणि विचारले तर म्हणतात, "काय करणार हो, भावकीत तोंड दाखवायचं असतं." पावसाला, चिखलाला, उघड्यावरच्या निजण्याला जो भ्याला नाही, तो 'लोक काय म्हणतील' या तीन शब्दांना भितो. मुलाच्या बापाला घ्यायला नको असते, मुलीच्या बापाला द्यायला नको असते. आणि दोघेही पहिले कोण बोलणार म्हणून गप्प बसतात. हे भय काय करायला सांगते ते पाहावे. "राहू दे" याखेरीज त्याच्यापाशी दुसरा सल्ला नाही.

लोकांच्या बोलण्याचे भय मोजायचे तर त्यासाठी एक निराळीच वाटचाल आठवते. १८६५ साली कल्याणास जन्मलेल्या, नवव्या वर्षी लग्न झालेल्या आनंदीबाई जोशी. चौदाव्या वर्षी पहिले मूल झाले आणि दहा दिवसांत गेले. तिने डॉक्टर व्हायचे ठरवले. कोणी म्हणतात, हा हट्ट मूळचा नवरा गोपाळराव यांचा. असेल, पण १८८३ च्या फेब्रुवारीत बंगालमध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात भरल्या सभेपुढे उभी राहिली ती अठरा वर्षेही पुरी न झालेली ती मुलगीच. लोक तिला जे जे विचारीत होते ते सहा प्रश्न तिने स्वतःच सभेपुढे मांडले. अमेरिकेलाच का? येथे शिकण्याची सोय नाही काय? एकटी का जातेस? वाळीत टाकतील त्याचे काय? संकट आले तर? आणि जे कोणा बाईने केले नाही ते तूच का करावेस? एकेकाला तिने उत्तर दिले. वाळीविषयी तिचे म्हणणे असे की, मी तेथेही येथल्यासारखीच राहणार आहे. तरी टाकायचेच असेल तर आत्ताच का टाकीत नाही?

भीतीचे सहा तुकडे करून एकेक तुकडा उजेडात धरायचा, ही युक्ती आम्हांस फार मोलाची वाटते. मनात जो डोंगर असतो तो असा मांडला की त्यातले दोन तुकडे खरे धोंडे निघतात आणि बाकीची नुसती सावली.

त्या एप्रिलमध्ये ती कलकत्त्याहून जहाजात बसली. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयातून १८८६ च्या मार्चमध्ये डॉक्टर झाली. कोल्हापूरच्या इस्पितळात स्त्रियांच्या विभागावर तिची नेमणूकही झाली. पण परदेशातच प्रकृती खालावली होती, क्षयाने घेरले होते, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, ती पुण्यात वारली. एकाही रोग्याला कोल्हापुरात तिचा हात लागला नाही.

मग निघाली ते चुकले काय? हा प्रश्न टाळू नये. धैर्य केले की यश मिळतेच, असे सांगणारी पुस्तके बाजारात पुष्कळ आहेत. आम्हांस ती खोटी वाटतात. लोकांनी तिला ज्या वाळीचे भय घातले होते ते काही तिला मारणारे ठरले नाही. मारले ते थंडीने आणि रोगाने. म्हणजे ती भ्याली असती तरी चुकीच्याच गोष्टीला भ्याली असती. निघण्याचा निर्णय फळावरून मोजायचा तर वाटेत देह ठेवलेल्या प्रत्येक वारकऱ्याची वारी फुकट गेली म्हणावे लागेल. आणि तसे तर आपल्यातला कोणी म्हणत नाही.

आणखी एक गोष्ट राहिली. तुकोबांनी सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत सोडली, हे आपण कीर्तनात नेहमी ऐकतो. पण परंपरा पुढे जे सांगते ते आपण भरभर ऐकून सोडतो. धाकटे बंधू कान्होबा आपल्या वाट्याचे काय म्हणाले, तेव्हा तुकोबांनी निम्मी खते त्यांना दिली आणि आपल्या वाट्याचीच बुडवली. भावाची खते कोरडीच राहिली. दुष्काळाने पोळलेल्या घरात ती खते म्हणजे उद्याच्या भाकरीची हमी होती. ती सोडण्याचे धैर्य त्यांनी केले ते आपल्या वाट्यापुरते. भावाला त्यांनी ओढले नाही, आणि भाऊ तयार होईपर्यंत स्वतः थांबलेही नाहीत. आपण याच्या नेमके उलट करतो. स्वतःची खते पेटीत ठेवतो आणि "सगळ्यांनी सोडली तर आम्हीही सोडू" म्हणतो.

तेव्हा येत्या लग्नसराईत ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांना एक विनंती. भावकी सुधारण्याचे व्रत घेऊ नका. याद्या करायला बसण्याआधी, ज्याच्या शेजारी उभे राहून इतकी वर्षे टाळ वाजवला त्या एकाच माणसापाशी जा आणि "यंदा आम्ही देणार नाही, घेणार नाही" एवढे वाक्य उच्चारून पाहा. पोटात गोळा उठेल, तो उठू द्या. तो गडी काय म्हणाला, ते आम्हांस जरूर कळवावे.