रूढीचा पुरावा

मामाच्या मुलीशी लग्न करावं की नाही, हा वाद दोन हजार वर्षांहून जुना आहे आणि तो अजून कुणी निर्विवाद जिंकलेला नाही. बौधायनाच्या धर्मसूत्रात दक्षिणेकडच्या खास चालींची यादी येते. मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी विवाह ही त्यातली एक. कुमारिलभट्टाने त्यावरून दाक्षिणात्यांची थट्टा केली. स्मृतिचंद्रिका आणि पराशरमाधवीय हे दक्षिणेतले ग्रंथ या चालीसाठी वेदवचनांचा आधार शोधतात, तर काशीत बसून निर्णयसिंधू लिहिणारा कमलाकरभट्ट विरोधात जातो. त्याचं घराणं मूळचं पैठणचं. काशीची हवा लागली की गोदाकाठच्या चाली परक्या वाटू लागत असाव्यात.

या वादात एक गोष्ट मात्र दोन्ही बाजूंना मान्य होती. देशाचार, जातीचा आचार, कुळाचा आचार यांना शास्त्राशेजारी जागा आहे. भांडण होतं ते ही जागा किती मोठी, एवढंच. कायदा, इतिहास आणि समाजशास्त्र या आज वेगवेगळ्या इमारतींत शिकवल्या जाणाऱ्या विद्यांची आपल्याकडची वाढ बरीचशी याच भांडणातून झाली, असं मला वाटतं.

इंग्रजांनी सुरुवात केली ती ग्रंथापासून. १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जने बंगालमध्ये ठरवलं की हिंदूंचे वारसा, विवाह, जात यांविषयीचे तंटे शास्त्राप्रमाणे सुटावेत. अकरा पंडितांकडून संहिता करून घेतली गेली, हॅल्हेडने ती १७७६ मध्ये इंग्रजीत आणली. १७९४ मध्ये विल्यम जोन्सने केलेलं मनुस्मृतीचं भाषांतर आलं. पेशवाई बुडाल्यावर मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनने मात्र वेगळा क्रम लावला. १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनमध्ये आधी सरकारी कायदा, तो नसेल तर दावा ज्या मुलखात उभा राहिला तिथली वहिवाट, तीही नसेल तर प्रतिवादीचा धर्मशास्त्रीय कायदा आणि सरतेशेवटी न्याय, समता व सदसद्विवेक. शास्त्र वहिवाटीच्या मागे उभं राहिलं. गोव्यात पोर्तुगीजांनी गावकऱ्यांच्या रीतिरिवाजांचा फोराल १५२६ मध्येच लिहून काढला होता, पण तो मुख्यतः गावाच्या जमिनी आणि महसूल सांभाळण्यासाठी. एल्फिन्स्टनच्या क्रमाने घरातल्या गोष्टींनाही हात घातला.

वहिवाट मानायची तर ती ठाऊक हवी. १८२७ सालीच आर्थर स्टीलचं दख्खनमधल्या हिंदू जातींच्या कायद्याचं व चालींचं पुस्तक मुंबईत निघालं. त्याने पुण्याच्या शास्त्र्यांना ग्रंथ काय म्हणतात ते विचारलं आणि जातीजातींच्या प्रमुखांना तुमच्यात काय चालतं ते विचारलं. पाट (बाईचं दुसरं लग्न), काडीमोड, दत्तक, बहिष्कार हे सारं शास्त्रवचनांच्या शेजारी येऊन बसलं. स्टील काही विद्वान नव्हता, कंपनीचा अंमलदार होता. तरी महाराष्ट्रातल्या समाजशास्त्राचं पहिलं पुस्तक कोणतं असं कुणी विचारलं, तर मी याच पुस्तकाकडे बोट दाखवीन.

पण या लिहून घेण्यातच पुढच्या अडचणीचं मूळ होतं. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ मध्ये मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर ग्रंथ लिहिला. त्यातली गोतसभा पाहिली की फरक कळतो. तिथे गाव जमतं, वतनदार जमतात, महजर म्हणजे निवाड्याचा लेख होतो. रूढी बाहेरून सिद्ध करावी लागत नाही, ती जमलेल्यांच्या तोंडी असते आणि प्रसंग पाहून थोडी वाकतेही. कोर्टात तीच रूढी पुरावा म्हणून हजर झाली. १८६४ मध्ये कोर्टांतली पंडितांची पदं रद्द झाली; शास्त्र्यांनी दिलेल्या उत्तरांचा संग्रह वेस्ट आणि ब्यूलर यांनी १८६७ पासून छापला. १८६८ मध्ये मदुरेच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने सांगितलं की वहिवाटीचा स्पष्ट पुरावा असेल तर तो लिखित शास्त्रवचनापेक्षा भारी ठरेल. रूढीचा हा विजय वाटतो खरा. पण रूढी प्राचीन हवी, अखंड हवी, निश्चित हवी आणि नीतीला सोडून नको, अशा अटी मागोमाग होत्याच. नीती कुणाची, हे न्यायासनावर बसलेला ठरवणार.

मग काय झालं ते पाहा. मामेबहिणीशी लग्न अनेक देशस्थ घरांतही चालतं. त्याच्या बाजूने ग्रंथ होते, वकील होते, त्याला धक्का लागला नाही. नवरा हयात असताना जातीच्या संमतीने बाईने दुसरा घरोबा करण्याची चाल मात्र १८७६ मध्ये मुंबई हायकोर्टाने रेजिना विरुद्ध शंभू रघू या खटल्यात नाकारली. विवाह मोडण्याचा वा बाईला पुन्हा लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालय मानणार नाही, असा निर्वाळा दिला. १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा झाला तो विधवांच्या भल्यासाठी. पण पुनर्विवाह केला तर पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क जाईल, असं कलमही त्यात होतं. ज्या जातींत पाट पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता, त्यांनाही हे कलम लागू आहे, असं मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने १८९६ मध्ये ठरवलं. अलाहाबादचं हायकोर्ट नेमकं उलट म्हणत होतं. ज्यांना या कायद्याची गरजच नव्हती, त्या बायकांच्या पदरी त्याचा दंड तेवढा आला.

रखमाबाईंच्या खटल्यात हे सगळे धागे एकत्र दिसतात. सुतार जातीतल्या त्यांच्या विधवा आईने डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला होता, आणि त्याआधी आपली मालमत्ता मुलीच्या नावे केली होती. रखमाबाईंनी नांदायला जावं म्हणून नवऱ्याने दावा लावला तेव्हा १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे म्हणाले, असा दावा मुळात इंग्लंडहून आला आहे, हिंदू कायद्यात त्याला आधार नाही. रखमाबाईंच्या वकिलांत काशिनाथ त्रिंबक तेलंग होते. वरच्या कोर्टाने निकाल फिरवला. १८८७ मध्ये नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. ना शास्त्राचा ना रूढीचा, असा तिसराच कायदा हिंदू परंपरा राखण्याच्या नावाखाली अमलात आला. पुढच्या साली तडजोड झाली म्हणून तुरुंग टळला.

कोर्टाला हवा होता तेवढाच प्रश्न विचारून ज्यांचं समाधान झालं नाही, त्यांच्यामुळे विद्या पुढे गेली. विश्वनाथ नारायण मंडलिकांनी १८८० मध्ये व्यवहारमयूख हा धर्मशास्त्राचा ग्रंथ छापताना प्रत्यक्षातल्या चालीही जोडीला घेतल्या. पांडुरंग वामन काणे हे हायकोर्टातले वकील. त्याच व्यवहारमयूखाला प्रस्तावना लिहायला बसले आणि ती वाढत वाढत १९३० ते १९६२ या काळात धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड झाली. शास्त्र एका तोंडाने बोलत नाही, हे त्यांनी वचनामागून वचन देऊन दाखवलं. समाजशास्त्रज्ञ घुर्ये संस्कृत शिकून केंब्रिजला मानववंशशास्त्राकडे वळले. त्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये भारतातल्या नातेसंबंधांच्या रचनेवर पुस्तक काढलं आणि मामाच्या मुलीला नकाशावर जागा दिली. उत्तरेत ती वर्ज्य, दक्षिणेत पसंतीची, आणि मध्ये महाराष्ट्र, जिथे बहुतेक ठिकाणी मामाची मुलगी चालते पण आत्याची चालत नाही. बौधायन आणि कमलाकरभट्ट यांचं भांडण इथे कोण बरोबर या प्रश्नातून सुटलं आणि कोण कुठे राहतं या प्रश्नात आलं.

मला सर्वांत धारदार वाटतो तो डॉ. आंबेडकरांचा १९१६ मधला कोलंबिया विद्यापीठातला निबंध. जात म्हणजे स्वजातीतच विवाह करण्याची सक्ती. सती, लादलेलं वैधव्य, बालविवाह ही ती टिकवण्याची साधनं. आणि वरच्यांचं अनुकरण खालचे करतात म्हणून जात पसरते, अशी त्यांची मांडणी. ती वाचून शंभू रघूचा निकाल पुन्हा वाचावा. अनुकरणाला तिथे सरकारी हुकमाचं बळ मिळालेलं दिसतं.

१९५५ चा हिंदू विवाह कायदा या साऱ्या वाटेवरून आला. मामेबहिणीशी विवाह त्याने निषिद्ध नात्यांत घातला आणि दोन्हीकडे रूढी असेल तर चालेल, असं लगेच पुढे लिहिलं. रूढीने होणारा काडीमोडही एकोणतिसाव्या कलमाने राखला. अटी जुन्याच: दीर्घकाळ, सातत्याने, एकसारखी पाळलेली रूढी, निश्चित, अवाजवी नसलेली, लोकहिताच्या धोरणाविरुद्ध नसलेली. अशा काडीमोडावर विसंबणाऱ्याने रूढीचा पुरावाही द्यायचा. साक्षीला आणायचे जातीतलेच वडीलधारे, आणि जातपंचायतींच्या जुलमाला आवर घालायला महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला आहे. स्टीलने १८२७ मध्ये ज्यांना विचारलं तेही जातींचे प्रमुखच होते. पाट लावलेल्या बाईला चाल काय आहे हे विचारायला गेलेला अभ्यासक मात्र साऱ्या एकोणिसाव्या शतकात शोधावा लागतो.