मूर्ती मातीची, बाण खरा

एकलव्याची कथा आपण गुरुभक्तीचा आदर्श म्हणून सांगत आलो. शिक्षणाच्या दृष्टीने तिच्यात आणखी एक प्रश्न दडलेला आहे. द्रोणाचार्यांनी नाकारल्यावर त्याने मातीची मूर्ती समोर ठेवून विद्या संपादन केली. आजच्या भाषेत त्याचा गुरू आभासी होता. मग संगणकाच्या पडद्यावरील आभासी जगातून विद्या मिळेल काय, ही शंकाच निरर्थक ठरते का?

आभासाची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. अमेरिकेत एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये जमिनीवरच विमानचालनाचा सराव देणारे यंत्र बनविले. दुसऱ्या महायुद्धातील असंख्य वैमानिक अशा यंत्रांवर शिकले. जेथे चुकीची किंमत प्राण असते, तेथे चुकण्यास सुरक्षित जागा देणे हे पुण्यकर्मच होय. आपल्याकडेही केंद्र शासनाने २००९ मध्ये आरंभिलेल्या अभियानातून ‘व्हर्च्युअल लॅब्ज’ साकारल्या. आयआयटींसमवेत पुण्याचे सीओईपी व सुरत्कलचे एनआयटी त्यांत सहभागी झाले. पुण्यातील विद्यार्थ्यासमोर उघडणारा प्रयोग अळणावरच्या विद्यार्थ्यासमोरही उघडू शकतो, ही लहान गोष्ट नव्हे.

तथापि, पडद्यावरील अनुमापनात एक थेंब अधिक पडला, तर कळ दाबून सारे पूर्ववत करता येते. खऱ्या शंकुपात्रात फिकट गुलाबी रंग क्षणात गडद होतो. द्रावण ओतून टाकावे लागते, रसायन व वेळ वाया जातो. पुढच्या वेळी हात आपोआप सावध होतो. ही सावधानता केवळ कौशल्य नव्हे, नीतीही आहे. ज्याची कोणतीही कृती कधी अटळ ठरत नाही, त्याला जबाबदारीचा अर्थ कोठून उमगावा?

एकलव्याची मूर्ती मातीची होती. धनुष्य मात्र खरे होते आणि सुटलेला बाण परत येत नव्हता. आभास गुरूच्या जागी होता, कर्माच्या जागी नव्हता. हा भेद आपण विसरता कामा नये.

शासकीय सेवेत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला आणखी एक भय वाटते. तात्पुरती म्हणून आलेली सोय कालांतराने हक्काची जागा बळकावते. शहरातील मुलाला प्रयोगशाळाही आणि पडदाही, खेड्यातील मुलाला मात्र केवळ पडदा, अशी वाटणी झाली, तर कागदोपत्री समता दिसेल. परंतु दार बंदच राहील. एकलव्य मूर्तीपुढे बसूनही धनुर्धर झाला, हे त्याचे श्रेय. त्याने दार बंद करणाऱ्याचे समर्थन होत नाही.