जाळीतलं पाणी

हिरव्या जाळीच्या मांडवाला आमच्याकडे कुणी हरितगृह म्हणत नाही. नुसतं 'जाळी' म्हणतात. थंड मुलखात काचेचं घर बांधतात ते ऊब धरायला. आमच्या खोडाळ्यात उलटं. फाल्गुन लागला की ऊन असं उतरतं, कोवळी कोथिंबीर उभ्या उभ्या करपते. म्हणून घरामागे बांबू रोवले आणि वर निम्मं ऊन अडवणारी जाळी ताणली. आत पालक, मेथी, कोथिंबीर. मोगरा मात्र बाहेर, कडेनं. सावलीत त्याला पानंच फार येतात, कळी धरत नाही.

हे सगळं चालतं विहिरीवर. विहीर माझी, सातबारा माझा. पण चैत्रात पाड्याची विहीर तळाला गेली की बायका हंडे घेऊन माझ्याकडेच येतात. एका सकाळी मी मोगऱ्याला पाणी देत होतो. शेजारची म्हातारी कळशी सोडून उभी. कळशी वर आली ती निम्मी गाळानं भरलेली. म्हातारी काही बोलली नाही. मोगऱ्याकडे एकदा बघितलं, पदरातून पाणी गाळलं आणि गेली. बोलली असती तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

तोवर मी मुंबईच्या नावानं तावातावानं बोलणारा माणूस. आमच्याच मोखाडा तालुक्यात, कोचाळ्याला, २०१४ साली मध्य वैतरणा धरण झालं. रोज ४५.५ कोटी लिटर पाणी मुंबईला द्यायचं हे धरण. आणि पावसाळ्यात जिथं डोंगर धुऊन निघतात, तिथले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. मी म्हणायचो, शहराच्या बागांना पाणी आणि आमच्या हंड्याला नाही. त्या दिवशी हिशेब केला, माझा मोगरा रोज वीसेक हंडे पितो. मग माझ्या परसात मुंबई कोण?

घरी हे बोललो. मंडळी म्हणाली, "उपटा मग मोगरा, आणि चला वीटभट्टीवर. आधी जातच होतो की."

तिचं खोटं नव्हतं. दिवाळी झाली की आमच्याकडे घरंच्या घरं कुलपं लावून भिवंडी-वसईकडे 'जगायला' जातात. पोरांची शाळा तिथंच तुटते. मोगऱ्याचा पैसा उन्हाळाभर हातात येतो, तेव्हापासून आम्ही गेलो नाही. फूल म्हणजे चैन, असं म्हणणाऱ्याला कधी फूल विकायला लागलेलं नसतं. उजाडायच्या आत तोडलेली कळी जीपनं कसाऱ्याला, तिथून लोकलनं दादरला जाते, आणि नातीच्या वह्या-पुस्तकांचे पैसे होऊन परत येते. पण म्हातारीचा हंडा या हिशेबात कुठं बसवायचा? झाडापेक्षा माणसाची तहान मोठी, हे कळतं हो. आपल्याच पोटाला दुसऱ्याच्या तहानेसमोर उभं करायला लागतं, तिथं अडतं.

होळीनंतरची भाजी बंद केली. मोगऱ्याच्या आळ्यात भाताचा पेंढा घातला. मुळाशी पाझरती मडकी पुरली. आता पहाटे आधी हंडे भरतात, मग उरेल ते झाडांना. कधी उरतं, कधी नाही. म्हातारी अजून काही बोलत नाही. झाडं जगलीत, कळी मात्र बारीक झाली.

परवा दादरचा व्यापारी फोनवर म्हणाला, "काका, माल हलका का येतोय?"

ऊन फार आहे, म्हणून सांगितलं.