शुभ पाऊल कोणाचें?

स्कॉटलंडांत शिकावयास गेलेल्या आपल्या एखाद्या तरुणास मित्राच्या घरून वर्षाखेरीच्या सणाचें आमंत्रण येतें. ह्या सणास तेथें हॉगमने म्हणतात. तेथील संसदेनें १६४० सालीं नाताळची सुटी बंद केली, व तो दिवस सार्वजनिक सुटीचा झाला तो १९५८ सालीं. म्हणून लोकांचा उत्साह नववर्षाकडे वळला.

३१ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर जो पहिला उंबरठा ओलांडील, त्याच्या पायगुणावर घराचें वर्ष अवलंबून, अशी जुनी समजूत आहे. तो काळ्या केसांचा पुरुष असावा, व त्यानें कोळसा, मीठ किंवा केक आणावा. आपला तरुण आपोआपच शुभ ठरतो! परदेशीं एकाकी असतां हा मान कोणास गोड वाटणार नाहीं?

परंतु प्रिय वाचकहो, त्यानें स्वतःस पुसावें: ज्या नियमानें मी शुभ, त्याच नियमानें अशुभ कोण? तर स्त्रिया आणि तांबड्या केसांचीं माणसें! हें ऐकून आपणांस हसूं येईल. पण सुनेस 'पांढऱ्या पायाची' कोण म्हणतें? विधवा आडवी आली म्हणून माघारीं कोण फिरतें?

मग त्यानें जाऊं नये काय? अवश्य जावें. कोळसाही न्यावा, मित्राची चूल पेटती राहावी, ही इच्छा निर्दोष आहे. मात्र तो मान केसांचा नव्हे, स्नेहाचा समजावा. आणि स्वदेशीं परतल्यावर, जिला सणाच्या दिवशीं मागें उभें करितात, त्या बहिणीस आपल्या उंबरठ्याआंत प्रथम बोलवावें. परक्याच्या सणांत एवढें शिकला, तर त्याचें शिक्षण व्यर्थ गेलें नाहीं.