भीती कुठे वाटते?

मालवण तालुक्यातल्या एका शाळेचं मैदान. संध्याकाळचे साडेपाच. तांबड्या मातीत पुरलेला मल्लखांब एरंडेल पिऊन पिऊन काळपट झालेला. माझी नऊ वर्षांची भाची पायांची अढी घालून खांबाला उलटी लटकली होती, वेणी मातीच्या दिशेने लोंबत होती. आता हात सोडायचे होते, आणि ते सुटत नव्हते.

"सर, माका भिती वाटता."

"भिऊ नको" असं सर म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, "खंय वाटता? पोटात काय पायात?"

ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "पायात. पाय सरकतत."

"मग उतर."

ती उतरली आणि पाय पुसत कडेला बसली. तो विषय तिथेच संपला. पोरीला कोणी भित्री म्हटलं नाही. नंतर मी सरांना या प्रश्नाचं कारण विचारलं. ते म्हणाले, पोटातली भीती नवेपणाची असते, ती आधार दिला की जाते. पायातली भीती खरं सांगत असते, तिचं ऐकायचं.

जिम्नॅस्टिक्स किंवा मल्लखांबाने मुलांना काय मिळतं, असं विचारलं की शिस्त, एकाग्रता, आत्मविश्वास हे शब्द ठरल्यासारखे येतात. ते खोटे नाहीत. पण या खेळाचं खरं देणं मला त्यांच्या अलीकडे दिसतं, ते म्हणजे स्वतःच्या भीतीची पारख. आपण मुलांना धाडस शिकवायला निघतो आणि भीती ही जणू झटकून टाकायची घाण आहे असं समजतो. किनाऱ्यावरच्या माणसाला तरी हे पटू नये. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. सरकारी नियम व्हायच्या कितीतरी आधीपासून इथले लोक पावसाच्या तोंडावर होड्या वर ओढून झापांखाली ठेवत आले आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्यावरच दर्यात उतरत आले. त्यांना कधी कोणी भेकड म्हटलं आहे का? दर्याला कधी भ्यायचं हे ज्याला कळतं, तोच आपल्याकडे जाणता.

मल्लखांब मुळात कुस्तीच्या तयारीचा. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त मल्लस्तंभाचा उल्लेख सापडतो. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी त्याला पुन्हा उभं केलं. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तो बर्लिनला नेऊन दाखवला आणि २०१९ मध्ये त्याची पहिली जागतिक स्पर्धा मुंबईत, शिवाजी पार्कवर भरली. पण मुलाच्या दृष्टीने त्यातली मोठी गोष्ट साधी आहे: हा प्रतिस्पर्धी लाकडाचा आहे. तो मारत नाही, हरत नाही, चिडत नाही. अढी सुटली तर दोष देण्यासारखं समोर कोणी नसतं, त्यामुळे पाय कुठे चुकला हे आपलं आपल्यालाच शोधावं लागतं. एकुलत्या एका मुलाच्या आजच्या घरात, जिथे त्याच्या प्रत्येक पडण्याचं कारण मोठी माणसं आधीच शोधून ठेवतात, तिथे मला ही फार मोलाची शिकवण वाटते.

दादरच्या समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी दृष्टिहीन मुलींनाही मल्लखांब शिकवला. आपलं शरीर हवेत कुठे आहे हे कळायला डोळे पुरत नाहीत आणि लागतातच असंही नाही, हे त्या मुलींकडे पाहून समजतं. ती जाण आतली असते, आणि ती हरवूही शकते. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिने व्हॉल्टवर उडी घेतली. हवेत अडीच गिरक्या घ्यायच्या होत्या, झाल्या दीडच. आपण हवेत कुठे आहोत हेच तिला कळेनासं झालं होतं. ती सांघिक अंतिम फेरीतून बाहेर पडली आणि जगभरातून तिच्यावर टीका झाली. तिची भीती पायातली होती, आणि तिने तिचं ऐकलं. २०२४ मध्ये पॅरिसला तिने त्याच व्हॉल्टवर सुवर्णपदक मिळवलं. पण ते मिळालं नसतं तरी टोकियोतला निर्णय बरोबरच होता, असं मी म्हणेन.

याच्या उलट बाजूबद्दल बोलायलाच हवं. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर वर्षानुवर्षं मुलींवर लैंगिक अत्याचार करत राहिला. जानेवारी २०१८ मध्ये दीडशेहून अधिक जणींनी न्यायालयात आपली कहाणी मांडली. त्यांच्यातल्या कित्येक जणी जगातल्या सर्वांत शिस्तबद्ध मुली होत्या. त्यांना दुखणं सोसायला शिकवलं होतं, दुखतंय हे सांगायला नाही. आणि ज्यांनी सांगितलं त्यांचंही वर्षानुवर्षं ऐकलं गेलं नाही. म्हणजे गुण खेळाच्या साधनात नसतात. एकच खांब एका हाताखाली मुलाला जाणतं करतो आणि दुसऱ्या हाताखाली मुकं. "आमच्या वेळी सर फटके मारायचे, म्हणून आम्ही घडलो" असं सांगणारे गावोगाव भेटतात. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण त्या फटक्यांनी मैदान कायमचं सोडून गेलेली मुलं हे सांगायला आज इथे नाहीत.

सगळेच गुण मैदानावरून आपोआप घरी येतात असंही नाही. भाचीचं दप्तर अजून सोप्यावर पसरलेलं असतं, गणिताच्या वहीकडे ती अजून पाठ फिरवते. दहावीला क्रीडागुण मिळतील म्हणून पोरांना खांबावर चढवणाऱ्या पालकांना मी दोष देत नाही, पण नवव्या वर्षीच त्या गुणांचा हिशेब मांडला तर मूल आपली भीती लपवायला शिकतं.

आठ दिवसांनी मी पुन्हा मैदानावर गेलो. पावसाळा जवळ आला होता, समुद्राकडून दमट वारा येत होता, सर फडक्याने खांब पुसत होते. ती चढली, अढी घातली, उलटी झाली.

"खंय?"

"पोटात."

सरांनी आपला तळवा तिच्या पाठीखाली धरला, चार बोटं अंतर ठेवून. तिने एक हात सोडला. मग दुसरा. तळवा पाठीला लागला नाही.