पक्षी कुणी घडवला?

सावलीत बसा. ओसरी चालेल, खळं चालेल, रिकाम्या कांदाचाळीच्या कडेचा दगडही चालेल. डोळे मिटायची गरज नाही. हात मात्र मोकळे ठेवा. आजचं मनन बरंचसं हातांनीच करायचं आहे.

दिवाळी होऊन गेली आहे असं समजा. नाशिक जिल्ह्यातल्या देवळ्याकडे या दिवसांत चाळीतला उन्हाळ कांदा संपत आलेला असतो. शेवटचा ट्रॅक्टर उमराण्याच्या मार्केटला जातो आणि चाळीच्या कोपऱ्यात मागे राहतात फाटक्या गोण्या, सुतळीची गुंतवळ, शेडनेटचे तुकडे. बांधाला टोमॅटो-मिरचीच्या वाफ्यांवरून काढलेला मल्चिंग पेपर पडलेला असतो. कुठे डाळिंबाची दबलेली खोकी असतात. घरात जुन्या साड्या आणि शाळेचे आखूड झालेले शर्ट असतातच. हे सगळं एकदा सावकाश नजरेखालून घाला. अजून काही उचलू नका.

यातून आपण निशाण करणार आहोत. पोरांच्या हातात तीरकामठा आला, की लागतं ते निशाण. देवळ्याच्या पश्चिमेला कळवण-सुरगाण्याकडे आणि उत्तरेला खानदेशात भिल्लांचा कामठा अजून घराच्या आढ्याला दिसतो. बांबूचा दांडा आणि दोरीही बांबूच्याच चिपाटीची. आपल्या राष्ट्रीय स्पर्धांत बांबूच्या धनुष्यासाठी ‘इंडियन राउंड’ हा वेगळा प्रकार आजही आहे. म्हणजे धनुष्याची सोय गावात होऊ शकते. बाणाचीही होते, थोडी कष्टानं. अडतं ते बाण झेलायला काय ठेवायचं इथे. झाडावर मारला तर बाण मोडतो, मुरमाच्या ढिगात मारला तर टोक बोथटतं, मोकळ्या रानात मारला तर अर्धा दिवस शोधण्यात जातो. बाण संपले की सरावही संपतो. गरीब घरातल्या किती पोरांचा नेम असा बाणांपायी थांबला असेल, याचा विचार मला अस्वस्थ करतो.

आता थोडा वेळ एका जुन्या गोष्टीपाशी थांबू. द्रोणांनी शिष्यांची परीक्षा घेतली, ती गोष्ट. आपल्याला अर्जुन आठवतो, पक्ष्याचा डोळा आठवतो. पण महाभारताच्या आदिपर्वात अर्जुन डोळ्याचं बोलत नाही. मला पक्ष्याचं डोकं दिसतं, अंग दिसत नाही, असं तो म्हणतो. आणि तो पक्षी जिवंत नाही. द्रोणांनी तो कारागिरांकडून करवून घेतलेला आहे आणि झाडाच्या शेंड्यावर बसवलेला आहे. हजारो वर्षं आपण नेमबाजाकडे बघत आलो. पक्षी घडवणाऱ्यांची नावं कुणी विचारली नाहीत.

त्यांच्याकडे बघा. पक्षी शेंड्यावर ठेवायचा म्हणून हलका पाहिजे. दुरून ओळखू यायला हवा, म्हणून अंगापासून डोकं सुटं दिसलं पाहिजे. वाऱ्यानं पडता कामा नये. कोण नेम धरणार, कुणाचा चुकणार, हे त्यांना ठाऊक नाही. तरी बाण कुठून येईल याचा विचार त्यांनी बाणाच्या आधी केलेला आहे. तसा विचार आपल्यालाही करायचा आहे. फरक एवढाच, की त्यांच्या पक्ष्याला एकच बाण घ्यायचा होता. आपल्या निशाणाला हजारो घ्यायचे आहेत आणि प्रत्येक बाण जसा आला तसा परत द्यायचा आहे.

आता गोणी हातात घ्या. युरियाची घ्या; पूर्वी 50 किलोची यायची, 2018 पासून 45 किलोची येते. धुऊन वाळवलेली हवी. बोट फिरवून तिची वीण बघा. प्लास्टिकच्या चपट्या पट्ट्या आडव्या-उभ्या विणलेल्या आहेत. बारीक टोकाचा बाण आला की या पट्ट्या बाजूला सरतात, आणि बाण काढला की बऱ्याचशा पुन्हा जवळ येतात. कांद्याची जाळीदार गोणी इथे उपयोगाची नाही. जाळीतून भर बाहेर येते.

भरायला जुने कपडे. एकेक कपडा हातात घेऊन चाचपा. बटण, हुक, चेन, पिन, जे कडक लागेल ते कापून बाजूला ठेवा. घाई करू नका. एक धातूचं बटण आत राहिलं, तर महिन्यानं कधीतरी एखादा बाण नेमका त्यावर येईल आणि मोडेल किंवा उलटा उडेल. साडी असेल तर तिचा पोत कळतो; कुणाची होती तेही आठवतं. आठवू द्या, आणि मग घडी न घालता आत टाका. मल्चिंग पेपरही चालतो, खरं तर फार चांगला चालतो. फक्त आधी धुऊन घ्या. त्याला चिकटलेली माती आत गेली तर ती प्रत्येक बाणाला घासत राहील. म्हणूनच गोणीत वाळू किंवा माती भरायची नाही. स्वस्त वाटते, पण बाण खाते.

थराथरानं भरा. प्रत्येक थर पायानं दाबा, कोपऱ्यांत काठीच्या टोकानं ठासा. अर्धी भरली की बाहेरून मूठ दाबून बघा. मूठ सहज रुतली तर बाण आरपार जाईल. अजिबात रुतली नाही तर पोरांना तो ओढून काढता येणार नाही. या दोन्हींच्या मधला दाब हाताला कळेपर्यंत दाबत राहा. कोणत्याही पुस्तकातल्या आकड्यापेक्षा इथे मुठीवर विश्वास ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. तोंडाशी आलात की दाभणात सुतळी ओवा आणि दोन ओळी शिवा. भरलेली गोणी उचलायला दोन माणसं लागतील.

इथे हात थांबवा आणि आत काय घडणार आहे ते मनात बघा.

बाण येतो. टोक विणीत शिरतं, चिंध्या बाजूला सारतं, पुढे जातं. समोर भिंत नाही, म्हणून तो आदळत नाही. टोक गेलं, आता कांडी जाते आहे, आणि बाजूला सरलेल्या चिंध्या परत येऊन कांडीला सगळीकडून धरतात. जितकी कांडी आत, तितकी पकड जास्त. वेग घासण्यात जिरतो आणि त्याची ऊब होते. बांबूच्या धनुष्याच्या बाणात ही ऊब जाणवत नाही, पण जोरकस कंपाउंड धनुष्याचा बाण फोमच्या टार्गेटमधून लगेच काढला तर कांडी बोटांना कोमट लागते. बाण एका जागी अडत नाही, वीतभर वाटेवर हळूहळू थांबतो. म्हणून तो शाबूत राहतो. या वीतभर वाटेवर मन दोन-तीनदा मागे-पुढे न्या. टोक, कांडी, पकड, थांबणं.

खोक्यांचं निशाणही याच तत्त्वावर चालतं. डाळिंबाची खोकी उघडून सपाट करा, हातभर रुंदीच्या सारख्या पट्ट्या कापा आणि एकावर एक रचा. खाली-वर फळी ठेवा आणि जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी किंवा दोरीत दांडकं घालून पीळ देत करकचून आवळा. बाण पुठ्ठ्याच्या सपाट अंगावर मारायचा नाही, कापलेल्या कडांवर मारायचा. दोन पुठ्ठ्यांच्या मधे तो शिरतो आणि दोन्हीकडून धरला जातो. पावसाळ्यात हे निशाण आत घ्यावं लागतं. पुठ्ठा भिजला की संपला.

युरोपात पिढ्यान् पिढ्या गवताची निशाणं होती. पेंढ्याचे जाड वळ करायचे, ते चुंबळीसारखे गोल गोल वळवायचे आणि दाबून शिवायचे. आपल्याकडे सुरगाणा-पेठच्या भाताचा पेंढा त्याला उत्तम. बाजरीचं सरमड मात्र ताठ असतं, नीट वळत नाही. ते गुरांनाच राहू द्या.

आता तोंडावरचा कागद. जुन्या कॅलेंडरची कोरी पाठ घ्या. मधोमध खिळा धरा, दोरा बांधा, दुसऱ्या टोकाला पेन्सिल. 18 मीटरवरून मारायच्या कागदाची रुंदी 40 सेंटिमीटर असते, त्यात 10 वर्तुळं. म्हणजे दर वेळी दोरा 2 सेंटिमीटरनं वाढवायचा. ऑलिंपिकमध्ये 70 मीटरवर जो कागद लावतात तो 122 सेंटिमीटरचा असतो. तिथे मधलं 10 गुणांचं वर्तुळ 12.2 सेंटिमीटरचं, आणि 70 मीटरवरून ते नखाहूनही लहान दिसतं. रंग आतून बाहेर: पिवळा, लाल, निळा, काळा, पांढरा, प्रत्येकाची दोन-दोन वर्तुळं. हळद, गेरू, कपड्याची नीळ, काजळी, आणि पांढऱ्यासाठी कागद आहे तसाच. कणकेची खळ करून चिकटवा. हळदीचं वर्तुळ रंगवताना बोट किती सावकाश फिरतं ते बघा. ज्यानं ते रंगवलं त्याला पुढे नेम धरताना मधला भाग वेगळा शोधावा लागत नाही, असा माझा समज आहे.

निशाण कुठे ठेवायचं, याला मी रंगापेक्षा जास्त वेळ देते. मैदानी स्पर्धेत कागदाचा मध्य जमिनीपासून 130 सेंटिमीटरवर असतो आणि निशाण 10 ते 15 अंश मागे झुकलेलं असतं. बांबूची तिवई पुरते. पण चुकलेला बाण कुठे जाईल? मागे पायवाट असेल, गोठा असेल, विहिरीवर कुणी येत-जात असेल तर ती जागा सोडा, कितीही सोयीची असली तरी. मागे उंच मातीचा बांध हवा. बांधात दगड-मुरूम असेल तर त्याच्यापुढे एक जुनी जाड गोधडी आडव्या बांबूवर सैल टांगा, तळ मोकळा ठेवून. ताणलेल्या गोधडीतून बाण पार होतो. सैल गोधडी त्याच्याबरोबर मागे झुलते आणि त्याचा जोर काढून घेते. मात्र गोधडीच्या भरवशावर मागे माणूस उभा करायचा नाही, कधीच नाही.

नेमबाज येऊन उभा राहिला आहे असं समजा. त्याला बघू नका. या मननात तुमची जागा निशाणापाशी आहे. पहिला बाण कडेला, पांढऱ्यात. दुसरा गोधडीत. तिसरा निळ्यात. निशाणाला तिन्ही सारखेच घ्यायचे आहेत.

पात्रता फेरीत एक तिरंदाज 72 बाण मारतो, आणि सरावात रोज त्याहून किती तरी जास्त. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव मजुरी करणाऱ्या आईवडिलांचा मुलगा. अमरावतीच्या क्रीडा प्रबोधिनीत तो तयार झाला, 2019 मध्ये जागतिक स्पर्धेत भारतीय संघाबरोबर रौप्यपदक जिंकला, आणि टोकियो ऑलिंपिकच्या पहिल्या फेरीत त्यानं जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या तिरंदाजाला 6-0 हरवलं. साताऱ्याची अदिती स्वामी 2023 च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला 17 व्या वर्षी जगज्जेती झाली. अंतिम सामन्यात 150 पैकी 149. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेनं पुरुषांत 150 पैकी 150 केले. दोघांचेही प्रशिक्षक साताऱ्याचे प्रवीण सावंत. त्या सामन्यांतले दोघांचे 15-15 बाण सगळ्यांनी पाहिले. त्याआधीचे जे बाण कुठल्या कुठल्या निशाणांनी झेलले, त्यांच्याकडे आता मन न्या. न मोजता येणारे, चुकलेले, पुन्हा मारलेले. देवळ्याच्या किंवा लोहोणेरच्या एखाद्या पोरीलाही तेवढेच लागतील. एवढे बाण झेलायला तिच्या दारात काहीतरी पाहिजे, आणि ते आपल्याला करता येतं.

बाण काढायची वेळ. सगळ्यांचे मारून झाले, धनुष्यं खाली ठेवली, मगच पुढे चला. धावत नाही, चालत. डावा तळवा कागदावर सपाट टेका. उजव्या हातानं कांडी अगदी कागदाजवळ धरा. आपल्या मागे कुणी उभं नाही ना, वळून बघा, कारण बाण सुटताना त्याचं मागचं टोक झटक्यानं येतं. आला त्याच रेषेत सरळ ओढा, वाकडा करू नका. निघत नसेल तर पुढच्या खेपेला कांडीला कोरडा साबण चोळून आणा. बाण निघाल्यावर भोकाकडे बघा. वीण मिटते आहे का? मिटत असेल तर भर ठीक आहे.

काही आठवड्यांनी मध्य मऊ पडेल. कडा तशाच घट्ट आणि हळदीच्या जागी बाण पिसांपर्यंत आत जायला लागेल. मग गोणी उलटी करा. दुसरी बाजूही झिजली की सुतळी उसवा, मधली चिंध्यांची भर काढून कडेला घाला, कडेची मधे आणा, वरून आणखी दोन साड्या ठासा आणि पुन्हा शिवा. ज्या पोरीच्या बाणांनी मध्य झिजला, दाभण तिच्या हातात द्या. तुम्ही सुतळी धरा.